लोणारशेजारी राहून अद्भुताला परकं म्हणू नका

पुस्तकांविषयी गंभीरपणे बोलणारी चार माणसं अमरावतीत किंवा अकोल्यात एकत्र आली की एक मत हमखास मांडलं जातं, आणि त्याला सहसा कोणी विरोध करत नाही. मत असं: हल्लीची मुलं वाचतात ते सगळं जादूच्या छड्या, ड्रॅगन, अंतराळयानं आणि भविष्यातली काल्पनिक राज्यं यांच्याविषयी. हे साहित्यच नाही. परदेशातून आलेला, सिनेमासाठी बेतलेला, पोरकट आणि वास्तवापासून पळवून नेणारा हा माल आहे. ज्या भागात शेतकरी गळफास घेतो, त्या भागातल्या पोरांनी असल्या चैनीत रमावं हे लाजिरवाणं आहे. त्यांनी 'धग'सारखी कादंबरी वाचावी, थोरांची चरित्रं वाचावीत, नाहीतर सरळ नीटच्या तयारीला लागावं.

हे मत मी व्याख्यानमालेत ऐकलं, शिक्षकांच्या खोलीत ऐकलं, ग्रंथालयाच्या पुस्तकनिवडीच्या बैठकीत ऐकलं, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. आईबाप ते त्यांच्या बोलीत सांगतात: "पोट्टं रातभर ते जाडं पुस्तक घेऊन बसते. काय कामाचं हाय ते?" आईबापांचा प्रश्न मला कळतो. त्यांनी क्लासची फी भरलेली असते आणि पुढच्या वर्षाची चिंता त्यांच्या डोक्यावर असते. पण ज्यांनी स्वतःचं आयुष्य पुस्तकांत घालवलं, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यांनीही तेच म्हणावं? आणि ज्या कादंबऱ्यांवर ते निकाल देतात, त्यांतली एकही शेवटपर्यंत न वाचता म्हणावं? मी अनेकांना विचारून पाहिलं आहे. बहुतेकांनी पोस्टर पाहिलेलं असतं, फार तर टीव्हीवर अर्धा सिनेमा. एवढ्या बळावर एका पिढीचं वाचन रद्द करायचं, याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

पहिला आक्षेप परकेपणाचा. वऱ्हाडातल्या माणसाने हा आक्षेप घ्यावा, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालं, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्कं केलं. त्याच्या कितीतरी आधी इथल्या लोकांनी त्या खड्ड्याचा अर्थ लावला होता. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने त्याच्या घराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर ती कथा आजही सांगतं. एकाच विवराच्या दोन कथा: एकीत आकाशातून दगड कोसळतो, दुसरीत पाताळातला राक्षस मरतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोन्हींना जन्म देणारं कुतूहल याच काठावर शतकानुशतकं नांदत आलं आहे. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पोरं एकमेकांना काय विचारत होती ते आठवा. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं हे उत्तर नंतर आलं. आधी आली ती कल्पना.

लोणार सोडा, बाकी वऱ्हाड पाहा. वर्धेच्या काठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला रथातून नेलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. चिखलदऱ्याच्या दरीत भीमाने कीचकाला मारून टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, हे सांगितल्याशिवाय तिथला वाटाड्या पुढे सरकत नाही. रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याचा तो पाया, म्हणून आज त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. त्या ग्रंथात काऊचिऊची गोष्ट आहे, आणि चक्रधरांच्या पूर्वचरित्रात एका मृत राजपुत्राच्या देहात प्रवेश करून पुन्हा उठण्याची कथा आहे. शेगावच्या 'गजानन विजय'चं पारायण इथल्या घराघरांत होतं, आणि अकोली गावच्या कोरड्या विहिरीला पाणी लागल्याचा अध्याय आला की कोरडवाहू शेतकऱ्याचे डोळे भरून येतात. श्रद्धेचा ग्रंथ आणि कादंबरी यांची मी बरोबरी करत नाही. भक्त ज्या भावनेने पोथी वाचतो ती भावना कादंबरीला मागायची नसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की अद्भुत ऐकण्याची, त्यातून न्यायाची आणि धीराची गोष्ट उचलण्याची सवय या मातीत घरोघर आहे. मग तेरा वर्षांच्या मुलीने एका जादूच्या शाळेची गोष्ट उघडली, तर ती आपल्या संस्कृतीबाहेर पाऊल टाकते असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

परदेशी पुस्तकं मराठीने नाकारली असती, तर तिचं निम्मं कपाट रिकामं राहिलं असतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी गोष्टी मराठीत आणल्या. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती असा दिला, की चंद्रावरची स्वारी आणि समुद्रातला सैतान ही अनेकांना मूळ मराठीच पुस्तकं वाटत. आज जे साठीत, सत्तरीत आहेत त्यांनी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर 'चांदोबा'च्या नव्या अंकाची वाट पाहिली आहे. वेताळ मानेवर घेऊन चाललेला विक्रम, बोलणारे पोपट, शापित राजकन्या, उडते गालिचे. तेच आजोबा नातवाला म्हणतात की भुताखेतांचं काय वाचतोस! आजोबा, तुमचं वाचन जिथून सुरू झालं तोच रस्ता नातवासाठी का बंद करता?

या प्रांताला आणखी एक विस्मरण झालं आहे, आणि ते मला जास्त लागतं. अरुण साधूंचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे आपल्याच अमरावती जिल्ह्यातला. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणारे राजकीय कादंबरीकार म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. पण त्यांनी 'स्फोट' आणि 'विप्लवा' या विज्ञान कादंबऱ्याही लिहिल्या, हे इथल्या किती सभांमध्ये सांगितलं जातं? मंत्रालयातल्या खुर्च्यांचं राजकारण ज्याला आरपार दिसत होतं, त्या लेखकाला विज्ञानकथा लिहावीशी वाटली. त्याला ती पोरकट वाटली नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो सर्वांत जास्त टाळ्या घेतो: ही पुस्तकं वास्तवापासून पळवून नेतात, आणि विदर्भातल्या मुलाला पळण्याचा अधिकार नाही.

सुझान कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ साली आली. भविष्यातलं एक राज्य आहे. मधोमध श्रीमंत राजधानी, भोवती बारा जिल्हे. प्रत्येक जिल्ह्याने एक कच्चा माल पिकवायचा किंवा खणायचा आणि राजधानीला पुरवायचा. बारावा जिल्हा कोळशाचा, आठवा कापडाचा, अकरावा शेतीचा. या अकराव्या जिल्ह्यातली रू नावाची बारा वर्षांची मुलगी सांगते, की आम्ही दिवसभर फळं तोडतो, धान्य काढतो, पण त्यातलं खाल्लं तर सर्वांसमोर चाबकाचे फटके बसतात. पिकवणारा उपाशी आणि खाणारा दूर. आणखी पाहा. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची आणि मरेपर्यंतच्या झुंजीला पाठवायची. गरिबाच्या मुलाला एक सवलत आहे: आपल्या नावाची जास्तीची चिठ्ठी टाकली की एका माणसापुरतं वर्षाचं थोडं धान्य आणि तेल मिळतं. म्हणजे जितकं दारिद्र्य जास्त तितक्या चिठ्ठ्या जास्त, आणि तितका मृत्यू जवळ. कागदावर सोडत सर्वांना सारखी आहे. प्रत्यक्षात ती भुकेने आधीच ठरवून ठेवलेली आहे.

ही गोष्ट अकोटच्या, दर्यापूरच्या, मूर्तिजापूरच्या मुलाला वास्तवापासून दूर नेते? ज्या घरात कापूस वेचून गाडीत भरला जातो आणि त्याचा भाव भलतीकडेच कोणीतरी ठरवतं, त्या घरातल्या मुलाला अकरावा जिल्हा कुठे आहे ते नकाशात शोधावं लागत नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि विलायतेची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८७०च्या सुमारास खामगावला आणि अमरावतीला रेल्वेचे फाटे आले ते प्रामुख्याने गाठी वाहून नेण्यासाठी. ज्वारीच्या शेतात कापूस उभा राहिला. शतकाच्या शेवटी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली दुष्काळ पडले तेव्हा याच समृद्ध म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात माणसं अन्नावाचून मेली. राजधानी, जिल्हा, कच्चा माल, भूक. कॉलिन्सबाईंना वऱ्हाड ठाऊक नसेल, पण वऱ्हाडच्या मुलाला त्यांची कादंबरी वाचून आपल्या गावचा इतिहास प्रश्नासारखा टोचू शकतो. कालपर्यंत त्याला सनावळ्या पाठ होत्या. आज त्याला राग येतो. हे पळणं नाही.

उद्धव शेळक्यांची 'धग' मुलांनी वाचावीच. १९६० सालची ती कादंबरी वऱ्हाडी बोलीचं आणि वऱ्हाडी दारिद्र्याचं लेणं आहे, आणि संसार सावरण्यासाठी शेवटपर्यंत झुंजणारी कौतिक मराठीतल्या थोर नायिकांपैकी एक आहे. पण 'धग' हातात घेऊन दुसऱ्या पुस्तकांना झोडपायचं, हा शेळक्यांचा मान नाही. कोळशाच्या खाणीत बाप गमावल्यावर कुंपणापलीकडे शिकार करून आई आणि धाकट्या बहिणीला जगवणारी 'द हंगर गेम्स'ची नायिका कॅटनिस आणि कष्टाने घर ओढणारी कौतिक यांची जात एकच आहे. एक आपल्याला काय आहे ते दाखवते, दुसरी ते असंच चालू राहिलं तर काय होईल ते दाखवते. पंधराव्या वर्षी दोन्ही लागतात. मी तर म्हणेन, कॅटनिस वाचलेली मुलगी कौतिककडे लवकर येते. सोसणाऱ्या बाईकडे कीव करून पाहायचं नसतं, हे ती आधीच शिकलेली असते.

पळवाटेच्या आरोपाला थायलंडच्या तरुणांनी उत्तर देऊन ठेवलं आहे. मे २०१४ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. निदर्शनांवर बंदी आली. तेव्हा विद्यार्थ्यांनी तीन बोटं वर उचलली. कादंबरीत ही बाराव्या जिल्ह्याची जुनी खूण आहे, प्रिय माणसाला आभार मानून निरोप देण्याची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालिकेचा पुढचा सिनेमा लागला तेव्हा ही खूण केल्याबद्दल विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं आणि बँकॉकमधल्या काही खेळांवर पाणी सोडावं लागलं. २०२१ साली म्यानमारमध्ये लष्कराने सरकार उलथवलं, तेव्हा तिथल्या रस्त्यांवर, इस्पितळांच्या आवारांत हीच तीन बोटं उभी राहिली. बंदुका घेतलेल्या माणसांना या पोरकट गोष्टीची भीती वाटली. आपल्या समीक्षकांना मात्र ती निरुपद्रवी करमणूक वाटते. दोघांपैकी कोणी ती नीट वाचली?

पोरकटपणाविषयी दोनच गोष्टी सांगतो. बारा ते अठरा या वयात माणसाला पहिल्यांदा कळतं, की मोठी माणसं खोटं बोलतात, नियम सर्वांना सारखे नसतात आणि जवळचं माणूस मरू शकतं. हॅरी पॉटरच्या सात भागांत मुलगा अकरा वर्षांचा असतो तिथपासून सतरा वर्षांचा होईपर्यंत याच तीन गोष्टी त्याला एकामागून एक समजत जातात. मंत्रालय संकट नाकारतं, वर्तमानपत्र सत्य सांगणाऱ्या पोरालाच वेडा ठरवतं, शाळेत एक बाई येते आणि फलकावर फलक लावून प्रश्न विचारणंच बंद करते. हे वाचणाऱ्या मुलाला आपण कुठली शाळा आणि कुठलं वर्तमानपत्र आठवतं ते विचारून पाहावं. लोइस लॉरीच्या १९९३ सालच्या 'द गिव्हर'मध्ये असा समाज आहे जिथे दुःख नाही, रंग नाहीत, आठवणी नाहीत, आणि मूल बारा वर्षांचं झालं की वडीलधाऱ्यांचं मंडळ त्याचं आयुष्यभराचं काम ठरवून टाकतं. दहावीच्या निकालाच्या आधीच ज्याचा डॉक्टर किंवा इंजिनिअर ठरला आहे, त्या अमरावतीच्या मुलाने ही कादंबरी वाचून रात्री छताकडे पाहत पडून राहावं, यात पोरकट काय आहे? कदाचित मोठ्यांना नको आहे तो हाच विचार.

दुसरी गोष्ट जयंत नारळीकरांची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. कीर्तीचा दबाव परीक्षकांवर येऊ नये, गोष्ट गोष्ट म्हणून तोलली जावी, अशी त्यांची इच्छा होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. जगभर ज्यांच्या खगोलशास्त्रीय कामाला मान होता त्या माणसाने पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' लिहिलं, मुलांसाठी लिहिलं, आणि सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगितलं. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आपल्याकडेही श्रद्धांजलीच्या सभा झाल्या. त्या सभांत गहिवरून बोललेल्यांपैकी काहींनीच पुढे विज्ञानकथेला साहित्याच्या ओळीत बसू दिलं नाही. ही विसंगती आता सोडून दिली पाहिजे.

एक आक्षेप खास वऱ्हाडी आहे, आणि तो प्रामाणिक माणसांकडून येतो म्हणून त्याचा मी आदर करतो. ते म्हणतात, ही गाडगेबाबांची भूमी. शेंडगावात जन्मलेल्या या संताने खराट्याने गावं आणि कीर्तनाने डोकी झाडली. इथल्या मुलांना आपण परत जादूटोण्याच्या नादी लावायचं? आक्षेप प्रामाणिक असला तरी चुकीचा आहे. अंधश्रद्धा म्हणते की मंतरलेला ताईत खरा आहे, पैसे टाक आणि प्रश्न विचारू नकोस. कादंबरी पहिल्याच पानावर सांगते की मी रचलेली आहे, आणि वाचक पुस्तक मिटून निर्धास्त शाळेत जातो. छडी फिरवून गणित सुटेल असं मानणारा एकही वाचणारा मुलगा मला भेटलेला नाही. उलट बाबा-बुवांच्या दारात रांग लावणाऱ्यांनी लहानपणी भरपूर कादंबऱ्या वाचल्या होत्या, असंही दिसत नाही. आणि गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे? ते श्रोत्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. प्रश्न विचारायला लावणारी गोष्ट बाबांच्या विरोधात कशी जाईल?

मग सिनेमाचा मुद्दा निघतो. मुलं सिनेमा पाहतात म्हणून पुस्तक घेतात, म्हणजे ती खरी वाचक नाहीत! महाभारत आपल्या पूर्वजांनी आधी वाचलं होतं का? त्यांनी ते कीर्तनात ऐकलं, दंडारीत पाहिलं, चातुर्मासात देवळाच्या ओट्यावर 'पांडवप्रताप' वाचला जात होता तेव्हा कानावर घेतलं. गोष्ट आधी डोळ्या-कानांनी येते आणि ज्याला तहान लागते तो ग्रंथाकडे जातो. ज्याने पुस्तकाचं दार सिनेमातून उघडलं त्याला उंबऱ्यावर अडवून तू कुठून आलास असं विचारायचं नसतं.

शिवाय सिनेमा आणि पुस्तक दोन्ही अनुभवलेल्या मुलाला एक फार मोलाची गोष्ट कळते, जी आपल्या अनेक पदव्युत्तर वर्गांत नीट शिकवली जात नाही. एकच कथा सांगणारा बदलला की बदलते. 'द हंगर गेम्स'च्या पुस्तकात रू मरते आणि कॅटनिस तिच्या देहाभोवती फुलं ठेवते, तेव्हा अकरावा जिल्हा तिला एक पाव पाठवतो. स्वतः अर्धपोटी असलेल्या लोकांनी वर्गणी करून पाठवलेला पाव. सगळी गोष्ट कॅटनिसच्या तोंडून असल्यामुळे तिला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. २०१२च्या सिनेमात त्याच ठिकाणी अकराव्या जिल्ह्यात दंगल उसळते, धान्याच्या राशी उधळल्या जातात, पोलीस तुटून पडतात. कोणतं जास्त परिणामकारक? मला पाव. पण आठवी-नववीतली मुलं यावर हमरीतुमरीवर येऊन वाद घालतात आणि दोन्ही बाजू पुराव्यानिशी मांडतात, हे मी ऐकलं आहे. त्या वादाला समीक्षा म्हणतात. उर्सुला ल ग्विनने १९६८ पासून लिहिलेल्या अर्थसीच्या मालिकेतला नायक तांबूस तपकिरी कातडीचा आहे. २००४ साली टीव्हीसाठी तिचं रूपांतर झालं तेव्हा त्याला गोरा करून टाकलं, आणि लेखिकेने जाहीर निषेध केला. पुस्तक वाचलेल्या आपल्या सावळ्या मुलांना यातली चोरी ताबडतोब कळते.

मराठीतही हे घडलं आहे. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७ साली आदित्य सरपोतदारांच्या सिनेमात मोठा होऊन आला. सायकलवरचा शाळकरी मुलगा आता वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्याला येतो, एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा माग काढतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत पोचतो. दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भा. रा. भागवत झाले. जुन्या चाहत्यांना फेणे मोठा झालेला रुचला नसेल, पण प्रवेश परीक्षेच्या चरकात सापडलेल्या पोरांना तो आपला वाटला. आणि 'तुंबाड'? नारायण धारपांच्या गोष्टीतून सुचलेला तो सिनेमा २०१८ साली आला, २०२४ साली पुन्हा लागला. आयुष्यभर धारपांना रहस्य-भयकथाकार म्हणून बाजूला ठेवलेल्या साहित्यव्यवहाराला तेव्हा अचानक त्यांची आठवण झाली. बंगालने हा कद्रूपणा केला नाही. सत्यजित राय यांनी आजोबांच्या गोष्टीवरून १९६९ साली गुपी आणि बाघा पडद्यावर आणले, १९८०च्या 'हिरक राजार देशे'मध्ये शाळा बंद करणारा आणि माणसांचे मेंदू धुणारा राजा दाखवला, आणि मुलांसाठी प्रोफेसर शोंकूच्या विज्ञानकथा लिहीत राहिले. तिथे कोणी म्हणालं नाही की थोर दिग्दर्शक पोरखेळात शिरला.

वाईट पुस्तकं या प्रकारात आहेत. खूप खपलेल्या मालिकेची नक्कल करून घाईने छापलेली, तिसऱ्या भागात दम सुटलेली, प्रेमाच्या त्रिकोणावर चारशे पानं ओढणारी. 'पर्सी जॅक्सन'चा २०१० सालचा सिनेमा मूळ पुस्तकाच्या पासंगालाही पुरत नाही. पण वाईट ग्रामीण कादंबऱ्या नाहीत? वाईट चरित्रं नाहीत? त्यांच्यामुळे कोणी ग्रामीण साहित्य किंवा चरित्रवाङ्मय रद्द केलं नाही. एवढीच सूट मी देतो.

अभ्यास बुडतो, या तक्रारीला थोडक्यात उत्तर देतो. अमरावती आणि अकोल्यात आज गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं पहाटेपासून तिथे बसतात, आणि त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण वाचनाच्या जागेत गाईड आणि प्रश्नसंच एवढंच उरलं, तर सहाशे पानं सलग वाचण्याची बैठक कुठून येणार? चौदाव्या वर्षी कोणी जबरदस्ती न करता सहाशे पानं संपवणारं मूल ही आपल्या घरातली दुर्मीळ संपत्ती आहे. त्याच्या हातून पुस्तक ओढून घेणारे हात नंतर तक्रार करतात की नवी पिढी वाचत नाही.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती नेमकी आहे. १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी जी ग्रंथालयं या दोन जिल्ह्यांत आहेत, त्यांच्या बालविभागात बहुधा इसापनीती असते आणि मोठ्यांच्या विभागात कादंबऱ्या. मधली बारा ते अठरा वर्षांची मुलं कुठेच नसतात. त्यांच्यासाठी वेगळं कपाट करा. त्यात भागवत, नारळीकर, धारप, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर ठेवा. साधूंचं 'स्फोट' आणि 'विप्लवा' मिळवून ठेवा. मराठीत आलेलं हॅरी पॉटर ठेवा, टोल्किन ठेवा, आणि इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी कॉलिन्स, लॉरी आणि ल ग्विनही ठेवा. खरेदीची यादी ठरवताना नववी-दहावीतले दोन वाचक बैठकीला बोलवा. अनुवादकांनो, या पुस्तकांना पुण्याच्या बंगल्यातली भाषा देऊ नका. अकराव्या जिल्ह्यातली माणसं वऱ्हाडीत बोलली तर काय बिघडेल? आणि इथल्या लेखकांना माझं सांगणं आहे, की लोणार, नरनाळा, गाविलगड, मेळघाटची रात्र, यवतमाळहून मूर्तिजापूरमार्गे अचलपूरला जाणारी आणि आता थांबलेली शकुंतला, हे सगळं तुमच्या दाराशी पडून आहे. ते उचलून आमच्या मुलांसाठी लिहा, नाहीतर निदान दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणाऱ्यांना हिणवू नका.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की हे सगळं निरर्थक आहे, त्यांनी आज रात्री घरातल्या मुलाच्या उशाशी असलेलं पुस्तक मागून घ्यावं, त्याची पहिली पन्नास पानं वाचावीत आणि सकाळी त्याच मुलाशी त्यावर बोलावं. तोवर त्या पुस्तकावर सभेत मत मांडण्याचा अधिकार त्यांना नाही.